पुस्तकात लिहायचं नसतं

जुसिलेदीला ‘शांत राहा’ म्हणून सांगणाऱ्यांची त्या आठवड्यात रांगच लागली होती. शेजारीण माराकुजा फळाचा रस घेऊन आली. त्याने म्हणे मन निवतं. चर्चमधल्या बायकांनी श्वास मोजायला शिकवलं. आणि ज्याच्या ऑफिसात ती अकरा वर्षं अर्ज लिहीत होती तो वकील एवांद्रो, वय वर्षं फक्त छत्तीस, खुर्चीत रेलून म्हणाला, “जुसी, कोर्ट नाजूक जिवांसाठी नसतं. सोड हा नाद. इथं काय कमी आहे तुला?”

कमी होती ती सही. मसुदा तिचा, कलमं तिची, खाली सही एवांद्रोची. सनद मिळेपर्यंत हे असंच चालायचं, आणि सनदेच्या लेखी परीक्षेत ती चारदा आपटली होती. अभ्यास कमी म्हणून नव्हे. कागद समोर आला की हात लटपटायचे आणि वाचलेलं सगळं पार पुसलं जायचं. या खेपेला नापास झाली, तर आधी पास केलेल्या पहिल्या पेपरापासून पुन्हा सुरुवात. बेचाळिसाव्या वर्षी!

रविवारी भर दुपारी, कॉलेजच्या वर्गात, पर्यवेक्षक बाई एकेकाचं कायद्याचं पुस्तक चाळत आल्या. पुस्तक जवळ ठेवता येतं. खुणेच्या पट्ट्या चालतात, ओळींखाली रेघा चालतात; हाताने लिहिलेलं एक अक्षर चालत नाही. जुसिलेदीने दोन दिवस आधी पान न् पान तपासलं होतं.

“हे काय आहे?” बाईंनी पुस्तक तिच्यापुढे धरलं.

कामगार कायद्याच्या पानावर, समासात, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: पोरी भिऊ नको देव आहे.

आईचं अक्षर. एर्मोझिना बासष्टाव्या वर्षी चर्चच्या वर्गात लिहायला शिकली आणि तेव्हापासून मिळेल त्या कागदावर देव लिहीत सुटली होती. किराण्याच्या यादीवर देव, औषधाच्या खोक्यावर देव.

“बाई, हे माझ्या आईने...”

“नियम सगळ्यांना सारखाच. पुस्तक जमा होईल. त्याच्याशिवाय लिहा.”

मागून कुणीतरी खिदळलं, “आईने उत्तरं लिहून दिली वाटतं!”

जुसिलेदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचा राग, बाईंचा राग, त्या खिदळणाऱ्या गाढवाचा राग. रस पाजणारे, श्वास मोजायला लावणारे, सगळे एकदमच आठवले. तिने खसकन प्रश्नपत्रिका उलटली. पहिलाच प्रश्न: सुपरमार्केटमधली गरोदर कॅशियर, चौथा महिना चालू, मालकाने हाकलून दिलेली. अरे, हिचा अर्ज तर तिने एवांद्रोसाठी निदान चाळीस वेळा लिहिला होता! तो वाचतसुद्धा नसे, नुसता सही ठोकायचा. तिने पेन असं रेटलं की खालच्या पानावर वळ उठले. कलमामागून कलम येत गेलं. हात लटपटत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा दीड तास उलटून गेला होता.

संध्याकाळी फाटकाशी, अकाराजेचे वडे तळणाऱ्या बाईच्या स्टुलावर आई बसली होती.

“वाचलंस का गं, मी लिहिलेलं?”

“वाचलं! मी वाचलं, बाईंनी वाचलं, अख्ख्या वर्गाने वाचलं! पुस्तक काढून घेतलं माझं, आई! परीक्षेच्या पुस्तकात लिहायचं नसतं! कुणी सांगितलं होतं तुला?”

“मला वाटलं, पुस्तक तुझंच आहे.”

“माझंच आहे!”

“मग?”

तळणारी बाई झारा तसाच धरून बघत राहिली. आईचा चेहरा मात्र एवढासा झाला. “म्हणजे या वेळीही काहीच नाही लिहिलंस?”

“लिहिलं,” जुसिलेदी खेकसली. “सगळं लिहिलं. शेवटच्या प्रश्नापर्यंत.”

चार परीक्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ते स्वतःच्या कानांनी ऐकून ती निवायच्या ऐवजी आणखीच पेटली.

“अकरा वर्षं, आई! अकरा वर्षं हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि मी ते त्या पोरट्याला लिहून देत बसले! निकाल काय लागायचा तो लागू दे. उद्यापासून त्याचे अर्ज त्याने लिहायचे.”

“आणि त्याला नाही आले तर?”

“तर त्याला सांग,” जुसिलेदी म्हणाली, “शांत राहा म्हणावं.”