मी बंद पडलो असतो तर…

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. काचेला तडा गेलेला, भिवंडीतल्या एका घरात कपाटावर पडून असलेला. कारखान्यातून निघून मी धामणकर नाक्यावरच्या दुकानात आलो आणि रवींद्रभाऊंनी मला विकत घेतले. ते शेजारच्या वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर होते. ट्रक सुटला की मला कानाला लावत. "हा माझा उजवा हात," असे चारचौघांत सांगत. पुढे माझी बॅटरी थकली. ती बदलायला मात्र त्यांना कधी सवड झाली नाही.

निवृत्तीनंतर ते पत्नी कलावतीबाईंसह भूतानचे बौद्ध विहार पाहायला निघाले. मुलगी धम्मदिना हिने दोघांचा प्रवासविमा काढला आणि मदतीचा नंबर माझ्यात घातला. भाऊंनी माझ्यावरूनच तिला बजावले, "माझ्या शुगरचं लिहू नको हां. विमा नाकारतील."

तिकडे डोंगरातल्या एका गावात चढण चढताना भाऊ छाती धरून खाली बसले. अंग घामाने निथळत होते. छोट्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका आहे, इथे इलाज नाही, हवाईमार्गेच मोठ्या इस्पितळात न्यावे लागेल.

कलावतीबाईंनी विम्याचा तो मदतीचा नंबर लावला. पलीकडून एक बाई हिंदीत विचारू लागल्या. "पेशंट को शुगर है क्या?"

कलावतीबाई पेचात पडल्या. खरे सांगावे तर विमान येणार नाही. खोटे सांगावे तर उपचार चुकतील. समोर भाऊंचे डोळे मिटलेले.

"है," त्या अखेर म्हणाल्या. "कई साल से गोली चालू है. झूठ नहीं बोलूँगी मॅडम, लेकिन उनको यहाँ मत छोड़ो."

"फोन चालू रखिए. हम बताते हैं."

वाट पाहणे सुरू झाले. दरीत ढग भरत होते. चार्जर मुक्कामावर राहिला होता आणि माझ्यात जेमतेम धुगधुगी उरली होती. मित्रांनो, एवढा मी कधीच भ्यालो नव्हतो. कलावतीबाई मला शालीखाली छातीशी धरून पुटपुटत होत्या, "जाऊ नको रे, जाऊ नको." ते मला होते की भाऊंना, मला कळले नाही.

शेवटी मी वाजलो. "आपकी बेटी ने शुगर लिखवाई थी. बीमा लागू है. मौसम खुलते ही हेलिकॉप्टर आएगा, वहाँ से कोलकाता…" तिथेच माझा पडदा काळा झाला.

पुढचे मी घरी ऐकले. ढग फार उशिरा फाटले. भाऊ वाचले, पण हृदय कायमचे दुबळे झाले. आता जिना चढताना ते बाईंचा हात धरतात. लेकीला ते एका शब्दानेही रागावले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते रडले.

नवा फोन आला आणि मी कपाटावर गेलो. माझी तक्रार नाही. एवढेच मागतो, मित्रांनो, परदेशी निघालेल्या आपल्या माणसाचा आजार लपवू नका. जो त्याच्यासाठी धावून येणार, त्याला तो ठाऊक असू द्या. आणि निघण्यापूर्वी माझ्यासारख्या थकलेल्याकडेही एकदा बघा. त्या दिवशी मी निरोप संपायच्या आत विझलो. तो सुरू होण्याआधीच विझलो असतो तर, या विचाराने मला अजून कापरे भरते.