चार बोटांची हद्द

सकाळी टाचणीने दुकानाचं शटर वर ढकललं, तर आत आधीच कोणीतरी बसलेलं. कामाच्या बाकावर एक हिरवा शिपाई होता. उंची माणसाएवढी, पाठीवर पंख मिटलेले, आणि आजूबाजूच्या लोखंडी सामानाला चुकूनही धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसलेला.

"मोजणीवालीची भाची तूच का?"

"मीच. आत्या कुठाय?"

"शेवाळराणीच्या ताब्यात. दुपारपर्यंत माणूस आहे. पुढचं तुझ्या हाती."

टाचणीने शटर परत खाली ओढून घेतलं. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून गल्लीने तिला हे नाव दिलेलं. वय सतरा. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून आत्यानेच तिला वाढवलं आणि जमीन मोजायला शिकवलं. बारा वर्षांतून एकदा मात्र आत्या एका कामाला एकटीच जायची. परीलोकात दोन राज्यं होती, शेवाळाचं आणि परागाचं, आणि त्यांचं एकमेकांशी पाण्यावरून हाडवैर. त्यांची हद्द माणसाने लोखंडी साखळीने मोजायची. लोखंडाला हात लावला की परीचं कातडं जळतं, म्हणजे साखळीत लबाडी करायला दोघांपैकी कोणी धजणार नाही, असा हिशोब.

"बारा वर्षं झरा परागवाल्यांकडे आहे," शिपाई म्हणाला. "आमची पोरं वाळायला लागलीत. राणी म्हणते, मोजणीवाली फितूर झाली. तुझी आत्या म्हणते, नाही. मग दोन्हीकडून ठरलं, तिच्याच रक्ताच्या माणसाने पुन्हा मोजायचं. रेघ जुन्या दगडावर पडली तर तुझी आत्या खरी, घरी घेऊन जा. रेघ हलली तर ती खोटी. आणि खोट्या मोजणीवालीचा आम्ही हद्दीचा दगड करतो."

"साखळी?"

"तिची तिथेच पडलीय. आमच्यातलं कोण उचलणार?"

तरी टाचणीने भिंतीवरची नवी साखळी उतरवून खांद्यावर टाकली. दोन महिन्यांपूर्वी आणलेली, अजून ग्रीसने चिकट. कामाला निघताना तिला खांदा रिकामा ठेवायची सवयच नव्हती.

मागच्या दाराने दोघं बाहेर पडले, कालव्याच्या काठाने गेले, पुलाच्या तिसऱ्या कमानीखाली वाकून शिरले. टाचणी पलीकडे उभी राहिली तेव्हा ना पूल होता ना गल्ली. उघडं माळरान, आणि त्यावर समोरासमोर दोन सैन्यं. एकीकडे पिवळेधमक परागवाले. दुसरीकडे शेवाळवाले, कडांना करपलेले, ओठ फुटलेले.

मधल्या जुन्या दगडापाशी आत्या उभी होती. घोट्यापर्यंत शेवाळ चढलेलं.

"उशीर केलास," आत्या म्हणाली.

"शटर अडकलं होतं."

"तेल घाल म्हणून कधीचं सांगतेय." आवाज नेहमीचाच होता, पण पदर घट्ट धरलेली बोटं पांढरी पडली होती.

मोजणी सुरू व्हायची परागराज्यातल्या पांढऱ्या खडकापासून. तिथून सरळ एकशेवीस साखळ्या, आणि जिथे शेवटची कडी टेकेल तिथे हद्द. टाचणीला खडकापर्यंत न्यायला परागांचा सेनापती आला. सोनेरी मिशा, बोलणं गोड.

खडकापाशी आत्याची साखळी पडली होती. टाचणीने खांद्यावरची साखळी तिच्याशेजारी टाकली, सवयीने दोन्ही ताणून सरळ केल्या, आणि तिचे हात थांबले. एका टोकाला दोन्ही साखळ्या बरोबर जुळत होत्या. दुसऱ्या टोकाला आत्याची साखळी पुढे गेलेली. तिने बोटं ठेवून पाहिलं. चार बोटं.

चार बोटं, एकशेवीस वेळा. मनात गुणाकार झाला. बारा पावलं होत होती. झरा जुन्या दगडाच्या अलीकडे दहा पावलांवर वाहत होता, म्हणजे खऱ्या हद्दीने तो शेवाळवाल्यांचा.

सेनापतीने सगळं पाहिलं होतं. तो खाली वाकला. "पोरी, जुनी उचल. रेघ जागेवर पडेल. तू आणि तुझी आत्या दुपारच्या जेवणाला घरी. नवी उचललीस तर तिचा दगड होईल, आणि तो आमच्याच माणसांना उभा करावा लागेल. मला वाईट वाटेल गं."

"तुम्हाला वाईट वाटतं?"

"कधीकधी," तो हसला.

टाचणीने मोजायला जुनी उचलली आणि नवी परत खांद्यावर टाकली.

खुंटी ठोकायची, कडी अडकवायची, ताणत पुढे जायचं, पुन्हा खुंटी. एक. दोन. साठाव्या साखळीला कोणीतरी ओरडून सांगितलं की शेवाळ गुडघ्यापर्यंत आलं. तिने मान वर केली नाही. एकशे अठराव्या साखळीला झऱ्याचा आवाज ऐकू आला. काठावर शेवाळवाल्यांची चार पोरं पहाऱ्याच्या भाल्यांपलीकडे बसून ओली हवा तोंडात घेत होती, मासे घेतात तशी. टाचणीने नजर खाली घातली आणि पुढची खुंटी ठोकली, जरा जास्तच जोरात.

एकशेविसावी कडी जुन्या दगडावर टेकली. केसभरही फरक नाही.

परागवाल्यांनी जल्लोष केला. शेवाळराणीने डोळे मिटले. उंच, म्हातारी, कपाळाची साल निघालेली. "ठरल्याप्रमाणे," ती म्हणाली, आणि आत्याच्या पायावरचं शेवाळ ओसरायला लागलं.

आत्याने मोठा श्वास सोडला. मग प्रत्येक मोजणी संपल्यावर जे विचारायची, तेच तिने विचारलं, जसं हात धुतल्यावर माणूस टॉवेल मागतो.

"साखळी तपासलीस?"

गेल्या सहा वर्षांत टाचणीने या प्रश्नाचं उत्तर हजार वेळा दिलं असेल. एक 'हो' म्हणायचं होतं. आत्याचे घोटे मोकळे झाले होते. सेनापती तिच्याकडेच बघत होता.

"तपासली," टाचणी म्हणाली. "चार बोटं लांब आहे."

 सगळेच एकदम ओरडायला लागले. शेवाळ सळसळत वर आलं, गुडघे, मांड्या, कंबर. भाले उठले.

"रेघ खोटी, तर मोजणीवाली खोटी!" सेनापती गरजला. "होऊ दे दगड!"

"खोटी नाही!" टाचणी आत्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "राणीसाहेब, साखळी झिजलीय. कडीत कडी घासते, आतून खड्डा पडतो, प्रत्येक कडी केसाएवढी पुढे सरकते. आजोबांनी ती जन्मभर वापरली, मग आत्याला दिली, फक्त तुमच्या कामापुरती."

"लोखंड झिजतं?" राणी म्हणाली. "पोरी, झिजत नाही म्हणून तर आम्ही त्याला भितो."

"झिजतं. बघा ना, दोन्ही शेजारी शेजारी."

"नवी तू कापून आणली असशील."

 टाचणीने दोन्ही साखळ्या पुढे धरल्या. "डोळ्यांनी कळणार नाही. बोट घालावं लागेल आत. दुसरं काही माझ्याकडे नाही."

राणी त्या काळ्या कड्यांवर वाकली. मग तिने उजव्या हाताचं बोट नव्या कडीत घातलं. चर्रर्र झालं, धूर निघाला. तिने बोट काढलं नाही. कडीच्या आतल्या कडेवरून सावकाश फिरवलं. मग तेच बोट जुन्या कडीत. तिथे ते खोबणीत रुतलं.

"अर्धी उरलीय," ती दात आवळून म्हणाली. वळून सेनापतीला म्हणाली, "ये. तूही बघ."

सेनापती एक पाऊल मागे सरला. त्याच्या मागे उभ्या असलेल्यांनी ते पाऊल पाहिलं. पुढच्या रांगेतला एक भाला खाली आला, मग दुसरा.

राणीने आत्याकडे पाहिलं. शेवाळ तिच्या छातीशी पोचलं होतं. "तुला ठाऊक होतं?"

"नाही," आत्या म्हणाली. "पण ठाऊक असायला हवं होतं. घरी आम्ही दोघी असतो, एक दुसरीला विचारते. इथे मी एकटी. बाबांची साखळी म्हणून मी कधी शंकाच घेतली नाही. फितूर नाही मी, राणीसाहेब. निष्काळजी आहे."

राणीने जळालेलं बोट तोंडात धरलं, लहान मुलासारखं, आणि दुसऱ्या हाताने खूण केली. शेवाळ उतरू लागलं. एका जागी मात्र थांबलं. आत्याच्या डाव्या पायाचा चवडा करडा झाला होता. टाचणीने त्यावर टिचकी मारली तर दगडाचा आवाज आला.

"लागलेलं परत घेता येत नाही मला," राणी म्हणाली. "बारा वर्षं माझ्या पोरांनीही सोसलंय."

"रास्त आहे," आत्या म्हणाली.

टाचणीला रडू फुटलं. आत्याने तिच्या डोक्यात टपली मारली. "रडतेस काय? खडकापर्यंत जायचंय, नव्या साखळीने पुन्हा पहिल्यापासून. ते टोक धर. आणि हळू चाल, माझा एक पाय जड आहे."