काळं ठिगळ

पंक्चरवाल्याच्या पुढ्यात गिऱ्हाइकानं पोहण्याचं फुगवायचं चाक आपटलं. "हे तुमचं काम! पाण्यात बुडवायचा अवकाश, ठिगळ सालीसारखं सुटलं. नशीब, पोरगं अजून कोरडंच होतं."

पंक्चरवाल्यानं ठिगळ चाचपलं. ट्यूबचं काळं रबर, नेहमीचंच सोल्युशन. या गुळगुळीत प्लास्टिकला ते चिकटलंच नव्हतं. अगदी असंच ठिगळ त्यानं आपल्या भाचीच्या, चिऊच्या, दंडाला बांधायच्या फुग्यावर मारलं होतं. बहीण बिचारी म्हणत होती, "दादा, नवीनच आणते ना." तर हे महाराज छाती फुगवून म्हणाले, "अगं, माझ्या ठिगळावर ट्रक पळतात! पोरगी ती केवढीशी? तू खुशाल बाकावर बस, गप्पा मार."

आणि आत्ता, या घडीला, मायलेकी पोहण्याच्या तलावावर होत्या.

त्यानं बहिणीला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. सायकल बघावी, तर दुकानातल्या एकाही सायकलीला धड दोन चाकं नव्हती. त्यानं गिऱ्हाइकाचीच ओढली.

"अहो! माझी सायकल!"

"आणतो परत!"

"देवा," पायडल मारता मारता त्याचं चाललं होतं, "लेकराच्या दंडाखाली तुझा हात ठेव रे. माझ्या हाताचा काही भरवसा नाही."

दारातली तिकीटवाली ओरडली, "चपला! चपला काढा!" एक निघाली, दुसरी पायात तशीच घेऊन तो आत घुसला.

बहीण बाकावर बसली होती, भावानं सांगितल्याबरहुकूम. पाण्याकडे पाठ, मांडीवर टॉवेल, शेजारणीशी हसणं चाललेलं. आणि काठापासून जरा आत चिऊ. एक दंड फुग्यानं वर उचललेला, दुसऱ्यावर नुसतं रिकामं प्लास्टिक लोंबत होतं. एकाच फुग्यावर पोर आडवी कलंडली होती, तोंड पाण्यात. ना हाक, ना आरडाओरडा. बुडणारं माणूस ओरडतं अशी त्याची समजूत. ही तर गुपचूप चालली होती.

त्याला पोहता येत नव्हतं. जन्मभर ट्यूबा पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, पण स्वतः कधी घोट्यापलीकडे उतरला नव्हता. त्यानं उडी टाकली. पाणी छातीला लागलं, पाय घसरला, नाकातोंडात गेलं. चाचपडताना हाताला केस लागले, मग खांदा. त्यानं पोरीला डोक्यावर उचलून धरलं.

पलीकडच्या टोकाचा जीवरक्षक धावत आला. त्यानं चिऊला काठावर घेतलं, कुशीवर वळवलं. काहीच नाही. काहीच नाही. मग खोकला, ओकारी, आणि असं भोकाड, की छप्पर दणाणलं. त्याहून गोड गाणं पंक्चरवाल्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"हसली-खेळली तरी आधी दवाखान्यात न्या," रक्षक बहिणीला म्हणाला. "आणि बाई, हे फुगे म्हणजे खेळणं आहे. पोर पाण्यात, तर मोठं माणूसही पाण्यात, हात पोचेल इतकं जवळ."

बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दादा, मी जरा..."

"तू बसलीस, कारण मी बस म्हणालो."

तो अजून पाण्यातच उभा होता. सहज त्याची नजर तलावभर फिरली. बहिणीनं सगळ्या आयांजवळ भावाचं कौतुक केलं होतं, आणि त्यांनीही आपापल्या पोरांचे फुगे त्याच्याकडूनच ठिगळ लावून नेले होते. शिडीजवळच्या पोरीच्या दंडावर काळं ठिगळ. मधोमध हसणाऱ्या पोराच्या दंडावर आणखी एक. त्यापलीकडे...

"बाहेर काढा!" तो किंचाळला. "काळं ठिगळ दिसेल ते पोर आधी बाहेर काढा! ते ठिगळ धरत नाही!"

"हे कोण येडं?" कुणीतरी हसलं.

शिडीजवळच्या पोरीची आई मात्र काठावर उठून उभी राहिली. "अहो, पंक्चरवाले ना तुम्ही? तुम्हीच तर म्हणालात, अगदी पक्कं आहे."

"म्हणालो होतो," मधल्या पोराकडे दोन्ही हात पसरून पाणी कापत तो म्हणाला. "खोटं होतं, बाई. उतरा आत. पोरीचा हात धरा."