चाकावरचा मल्लेश

"आधी माज्या पायावर मार पटाशी, मंग उंबऱ्यावर मार," असं म्हणून गुरम्मा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरच बसली. बसली म्हणजे पार ठाण मांडून, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून.

बालाजी सुतार पटाशी घेऊन तसाच उकिडवा राहिला. निलंग्यात त्यानं शंभरेक दारं बसवली असतील, पण उंबऱ्यावर बसलेली म्हातारी कशी हलवायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं मागं वळून बैठकीतल्या मल्लेशकडं बघितलं.

मल्लेश म्हणजे एक खांब. खाली दोन चाकं, त्यावर छातीएवढी उंच पांढरी नळी, नळीच्या टोकाला पाटीएवढी काच आणि काचेत मल्लेशचा चेहरा. खरा मल्लेश, गुरम्माचा लेक, कॅनडात. तिथं बसून तो बटणं दाबायचा आणि इथं हा खांब घरभर फिरायचा.

"अव्वा, दोन बोटांचा तर उंबरा हाय," काच बोलली. "तेवढा काढला की मी थेट अप्पाच्या खाटेपाशी येतो."

"यायला कोण न्हाई म्हणतंय? पाय उचल आन् ये."

"काकू, मल्लेशभैय्यानं फोन केला म्हणून आलो मी," बालाजी पुटपुटला.

"आलास तर बस. च्या पी आन् जा. ह्या उंबऱ्याला मी पन्नास वर्षं इबूत लावली. चाकाच्या सोयीसाठी न्हाई लावली."

आतल्या खोलीत गुरम्माचा नवरा नागप्पा खाटेवर होता. वर्ष झालं, डावं अंग गेलेलं, वाचा गेलेली. उजवा हात तेवढा उचलायचा आणि मान वळायची. लातूरच्या डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, आता दवाखान्यात आणू नका, घरीच सेवा करा. सेवा करायला गुरम्मा होती आणि कामाला ठेवलेली सरजाबाई होती. दोघी मिळून दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायच्या. नागप्पा हाडापेरानं दांडगा. वळवताना गुरम्माच्या कमरेत कळ यायची, ती कळ ती दातात धरायची.

खांब आला तो गुढीपाडव्याला, दोन खोक्यांतून. जोडायला लातूरहून दोन माणसं आली, बघायला सगळी गल्ली लोटली. मल्लेश बैठकीत फिरला, चुलीपर्यंत गेला, दारातून शेजारच्या लक्ष्मम्माला नावानं हाक मारली. "गुरम्माक्का, पोरगा घरी आला की तुमचा," असं जो तो म्हणाला. त्या दिवशी गुरम्मानं काचेवरून मीठ-मोहरी उतरवून टाकली होती. ते आठवलं की आता तिला स्वतःचाच राग यायचा.

कारण पाडव्यानंतर श्रावण आला, आणि श्रावणातलं काढलेलं तिकीट मल्लेशनं रद्द केलं. "अव्वा, मी रोज घरातच असतो की." मग दिवाळीचंही राहिलं. नुसता फोनवर होता तोवर पोरगा दूर होता, आणि दूर होता म्हणून वर्षा-दीड वर्षाला येत होता. तो घरात येऊन उभा राहायला लागला आणि त्याचं येणंच संपलं.

आणि उभा तरी किती राहावं? खांबाला बसता येत नाही. तो उभा म्हणून आलेला माणूसही उभा. जंगमस्वामी भिक्षेला आले तेही घटकाभर उभ्यानंच बोलून गेले. शिवाय चालण्याचा आवाज नाही. एकदा गुरम्मा चुलीवरून तवा उतरवत होती आणि मागून "अव्वा" म्हणाला. तवा पायावर यायचा राहिला. त्याच दिवशी तिनं माळ्यावरची पितळी घंटी काढली. देवणीच्या बैलाची घंटी, बैल गेला तरी नागप्पानं जपून ठेवलेली. ती तिनं नळीच्या गळ्यात बांधली.

"जनावर कुठं फिरू लागलंय ते मालकाला कळाय पायजे," ती म्हणाली. काचेतला मल्लेश खूप हसला होता.

पण एक गोष्ट तिच्या हिशेबात नव्हती. बैठकीत घंटी वाजली की आत नागप्पाची मान दाराकडं वळायला लागली. खांब उंबऱ्यापाशी येऊन अडायचा, लांबून काच चमकायची. नागप्पा उजवा हात उचलायचा. थोडा वेळ तो हात तसाच हवेत राहायचा, मग गोधडीवर पडायचा.

"अक्का, दोघींनी धरलं तर आत येईल की ते," सरजाबाई एकदा म्हणाली होती. "लई वजन न्हाई त्याला."

"उचलायचं आसंल तर ह्यांना उचल."

सरजाबाई नागप्पाची उशी सारखी करायला गेली होती.

"अक्का," आता तीच आतून ओरडली, "मालकाचं बघा."

गुरम्मा उंबऱ्यावरून उठली ती थेट खाटेपाशी. नागप्पाच्या घशात घरघर लागली होती. ओठ काळपट पडत होते. "बसतं करा, बसतं करा," ती म्हणाली. दोघींनी दंडाला धरलं, पण धड निम्मंसुद्धा उठेना. तेवढ्यात पटाशी टाकून बालाजी आत आला, खाटेवर चढला आणि नागप्पाच्या मागं गुडघे रोवून त्यानं त्याची पाठ आपल्या छातीवर घेतली.

"अव्वा, काय झालं? मला दिसंना. मला आत घ्या." खांब उंबऱ्यावर आपटला. घंटी वाजली. मागं सरून पुन्हा आपटला, पुन्हा घंटी. "डॉक्टरला फोन लावलाय मी. अव्वा, मला उचला, अप्पाजवळ यायचंय मला."

"सहा हात हाईत हितं," गुरम्मा मान न वळवता म्हणाली. "सहाच्या सहा तुज्या बापाला लागलेत. तुला उचलायला सातवा कुठनं आणू?"

तिनं नागप्पाची हनुवटी धरली, त्याच्या गळ्यातल्या लिंगावरचं तीर्थ चमच्यानं ओठात सोडलं. निम्मं आत गेलं, निम्मं गळ्यावर ओघळलं. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. पण बाहेर घंटी वाजत होती. नागप्पाची मान हळूहळू दाराकडं वळली, आणि वळलेली तशीच राहिली.

बालाजीला आधी कळलं. त्याच्या छातीला टेकलेली पाठ हलायची थांबली होती.

पन्नास वर्षांच्या संसारात शेवटची नजर तिच्यावर असायला पाहिजे होती. ती गेली घंटीवर. आणि घंटी बांधली कुणी, तर तिनंच. गुरम्मानं त्याची मान सरळ केली, डोळे मिटवले. रडली नाही. रडणं रागाच्या खाली कुठं तरी दबून राहिलं.

"अव्वा?"

"गेले तुजे अप्पा."

काचेतला चेहरा वेडावाकडा झाला. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. गुरम्माचा हात सवयीनं पदराकडं गेला आणि मध्येच थांबला. काच पुसून काय होणार होतं?

लिंगायताचं मढं आडवं नेत नाहीत. ते बसवतात, मांडी घालून, लिंग डाव्या तळहातावर ठेवून, आणि अंग ताठरायच्या आत बसवावं लागतं. भिंतीला टेकवलं तरी नागप्पाचं दांडगं धड एका बाजूला कलायला लागलं. तेव्हा बालाजी भिंतीशी बसला आणि खांद्यानं त्यानं ती पाठ पेलली. तासभर झाला, दुसरा लागला. सरजाबाईनं त्याला पाणी पाजलं, कारण त्याचे हात मोकळे नव्हते.

"अव्वा, मी काय करू?" मल्लेशनं विचारलं.

"बघ," गुरम्मा म्हणाली. "तेवढंच करायला ठेवलंस तू सोताला."

दुपारपर्यंत भावकी जमली. माणसं आत येऊन नागप्पाला फूल वाहायची आणि बाहेर जाऊन खांबापुढं हात जोडायची. "धीर धर, मल्लेश." "तू होतास जवळ, लई झालं." कुणी तरी त्याला खुर्चीसुद्धा सरकवली. गुरम्मा आतून ऐकत होती. 'जवळ' हा शब्द कानावर आला की तिच्या कपाळाची शीर उडायची.

मग खड्ड्याची गोष्ट निघाली. शेतात खड्डा तयार होता. त्यात आधी लेक उतरतो, वरून आलेल्या बापाला हातांवर घेतो आणि नीट बसवतो. पुतण्या आदर्श म्हणाला, "काकू, मशीन टेंपोत टाकून नेऊ. शेतात नेट हाय. खड्ड्याच्या काठाला उभं करू, म्हंजे मल्लेशदादाच्या हातून झाल्यावानी होईल."

"काठालाच कामून? खालीच उतरवा की," गुरम्मा म्हणाली. "बघू किती हात फुटत्यात त्याला."

मग तिनंच ठरवून टाकलं.

"बालाजी उतरंल."

"वैनी, तो सुतार हाय," भावकीतला एक म्हातारा म्हणाला. "आपल्या रीतीत बसत न्हाई."

"सकाळधरनं ह्यांची पाठ कुणी धरलीय?" ती उठून उभी राहिली. "तुमच्यातल्या कुणी धरली आसंल तर त्यानं उतरावं. मी न्हाई म्हणत न्हाई."

बालाजीचा खांदा एव्हाना थरथरत होता.

निघताना खांब दारापर्यंत आला. "अव्वा, मला नेत न्हाईस का? मी लेक हाय त्यांचा. नुसतं लांबून बघू दे."

गुरम्मा त्या काचेपुढं क्षणभर उभी राहिली. चेहरा तोच होता. तापात तिच्या मांडीवर निजायचा तोच. हात पुढं केला असता तर काचेला लागला असता.

"तू घर राख," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

शेतात बालाजी खाली उतरला. नागप्पा हातांवर आला तेव्हा तो आधी वाकला, मग गुडघ्यावर आला, पण हात सुटू दिला नाही त्यानं. पहिली मूठ गुरम्मानं टाकली.

दिवस कलताना ती परत आली. अंघोळ केली, ओल्या केसांनीच आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली, तोंड खोलीकडं करून. बाकी माणसं अंगणात होती. सकाळी ती आडवी येण्याआधी बालाजीनं उंबऱ्यावर पेन्सिलीची रेघ ओढली होती, कुठून कापायचं त्याची. ती रेघ तिथंच होती. अंगठ्यानं घासली तर पुसेना.

मागं घंटी वाजली. खांब हळूहळू येऊन तिच्या पाठीशी थांबला.

"अव्वा." आवाज बसलेला होता. "झालं का नीट?"

"झालं."

"अप्पा बसले का?"

"बसले. ताठ बसले. बालाजीनं बसवलं."

काच म्हणाली, "तिकीट काढलंय मी. परवा पोचतो."

पहाटेपासून ताणलेली गुरम्माची पाठ आपसूक मागं गेली, टेकायला. मागं नळी होती. पाठ लागली तशी चाकं वीतभर मागं सरकली, घंटी वाजली आणि तिचा तोल गेला. तिनं झटकन चौकट धरली.

"अव्वा, लागलं का?"

तिनं चौकट सोडली. पदर सारखा केला. आणि कशालाही न टेकता, नागप्पाला बसवलं होतं तशी, ती रिकाम्या खाटेसमोर ताठ बसून राहिली.