बुटांच्या गावात अनवाणी

कीर्तीने मला पहिल्यांदा ‘नाइन’ म्हटलं ते वरण-भात खाताना.

मी आणि यादवराव त्या वर्षी मे महिन्यात मुलाकडे जर्मनीत आलो होतो. सुगत हेर्त्सोगेनआउराखला बेअरिंगच्या कंपनीत इंजिनिअर. गाव छोटं, पण खेळाचे बूट बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या इथल्याच. त्यामुळे नवा माणूस दिसला की लोक आधी त्याच्या पायांकडे बघतात, असं सुगत म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या बाईने आधी माझ्या रबरी चपला पाहिल्या आणि मगच पाव दिला. संध्याकाळी सुगतने मला पांढरे बूट आणून दिले.

नात कीर्ती तिथल्या शाळेत चौथीत. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. त्या दिवशी ती भात नुसता चिवडत होती. काही झालंय का विचारलं तर ‘नाइन’, म्हणजे नाही. सून हर्षाने मग हळूहळू सगळं काढून घेतलं आणि मला सांगितलं.

गावातल्या क्रीडा मंडळाची जुलैमध्ये मुलांची अडथळ्यांची शर्यत असते. चौघांचा एक संघ. भिंती चढायच्या, टायरमधून जायचं, चिखलाच्या चरातून सरपटायचं आणि शेवटी दोरावर चढून वरची घंटा वाजवायची. ज्याला घंटा वाजवता येणार नाही, त्याने तळ्याला चक्कर मारून यायचं. चौथा गडी रेषेवर पोहोचेपर्यंत संघ पोहोचला असं धरत नाहीत. गेल्या वर्षी कीर्ती दोरावर अर्ध्यातच लटकली आणि तळ्याला गेली. तिचे तिघे सोबती रेषेशी उभे राहून वाट बघत होते. संघ शेवटचा आला. कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही.

“आणि यंदा हिच्या संघातल्या एमिलने प्लॅन केलाय,” हर्षा म्हणाली. “हिने दोराला हातच लावायचा नाही. सरळ तळ्याकडे पळायचं. तेवढाच वेळ वाचेल.”

“गेनाऊ,” कीर्ती ताटात बघत म्हणाली. अगदी बरोबर आहे त्याचं.

एमिलने हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं होतं.

“दोर केवढा जाड असतो?” मी विचारलं.

यादवरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “झालं. बाईंची नोकरी पुन्हा सुरू.”

“अहो, तुम्ही जेवा.”

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी पी.टी.ची शिक्षिका होते. निवृत्त होईपर्यंत दोरीचा मल्लखांब शिकवला. दोराला घाबरणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांना दोर वर नेईल यावर विश्वास नसतो, एवढंच. ताकद असतेच.

मागच्या अंगणात सफरचंदाचं जुनं झाड होतं. सुगत म्हणाला, “आई, झाड फेरमीटरिनचं आहे. विचारल्याशिवाय इथे खिळासुद्धा ठोकत नाहीत.” फेरमीटरिन म्हणजे घरमालकीण, फ्राऊ ड्रेक्सेल. त्या खालच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. सुगतने जाऊन विचारलं. त्या बाहेर आल्या, फांदी निरखून पाहिली आणि एक पोतं घेऊन आल्या. दोर बांधायचा तर साल सोलू नये म्हणून खाली हे गुंडाळायचं, ही त्यांची अट. उरलेलं पोतं त्यांनी दोराखाली अंथरलं. मला ही बाई आवडली.

मी कीर्तीला झाडाखाली घेऊन गेले.

“बूट काढ.”

तिने मान हलवली. नाइन.

मी आधी माझे काढले. मग तिनेही काढले.

“आता पोत्यावर तळवे पूस. ओल राहिली तर दोर सटकतो. आता दोराला हात लाव आणि तो हात कपाळाला लाव.”

“वारुम?” का म्हणून?

“हा देवाचा नमस्कार नाही बाळा. ज्याच्यावर आपला भार टाकायचा, त्याची आधी ओळख करून घ्यायची.”

हे तिला पटलं असावं. तिने हात कपाळाला लावला, आणि मग माझ्याकडे चोरून पाहून हसली.

मी तिला अढी शिकवली. दोर एका पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचा, दुसरा पाय वरून दाबायचा. मग पायांवर उभं राहायचं. हात फक्त तोल सांभाळतात, शरीर वर नेतात ते पाय. गेल्या वर्षी ती नुसत्या हातांनी स्वतःला ओढत होती. हात थकले, संपलं.

पहिले काही दिवस मी तिला वर जाऊच दिलं नाही. जमिनीपासून वीतभर उंच अढी घालायची, उभं राहायचं, उतरायचं. ती कंटाळली. “आजी, हे बेबींचं आहे,” ती पहिल्यांदाच मराठीत चिडली.

“मग बेबीसारखी पडू नकोस. पुन्हा.”

बोटांमधली कातडी सोलवटली तेव्हा हर्षाने मला जरा घुश्शातच विचारलं, “आई, हे गरजेचंच आहे का?” मी म्हटलं, “तिला विचार.” कीर्ती तोपर्यंत पोत्यावर तळवे पुसत होती.

जूनच्या शेवटी ती फांदीला हात लावून आली. उतरताना घसरायचं नाही, हाताखाली हात घेत यायचं, हेही तिने न सांगता केलं. यादवराव खुर्चीतून म्हणाले, “बाई, आता आमच्यासाठी चहा ठेवायला मोकळ्या झालात का?”

शर्यतीच्या दिवशी नदीकाठच्या कुरणावर अख्खं गाव जमलं होतं. कीर्तीच्या संघात ती, एमिल, फ्रीडा नावाची उंच मुलगी आणि एमिलचा जुळा भाऊ. चौघांच्या पायात नवे कोरे बूट, दुहेरी गाठी मारलेले. मी ते पाहिले. छान दिसतात, एवढंच माझ्या मनात आलं. मुलांना सूचना करायच्या नाहीत, असं लाऊडस्पीकरवरून दोनदा सांगितलं. सुगतने ते मला मराठीत सांगितलं.

शिट्टी झाली. भिंतीवरून चौघं सहज गेली. टायर झाले. चिखलाच्या चरातून बाहेर पडली तेव्हा कोण कुठलं ते ओळखू येईना. कीर्ती तिच्या वेणीवरून कळली. ते सातव्या-आठव्या नंबरवर होते, पुढे फार लांब कोणी नव्हतं.

एमिल, त्याचा भाऊ आणि फ्रीडा हातांच्या जोरावर दोर चढून गेले. तीन घंटा वाजल्या. एमिलने कीर्तीला तळ्याकडे बोट दाखवलं. ती तळ्याकडे न जाता दोरापाशी आली. उडी मारून तिने दोर धरला, पाय वळवले, आणि बूट दोरावरून सर्रकन घसरले. ती पाठीवर आपटली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन महिने मी तिला अनवाणी शिकवलं होतं. इथे सगळी बूट घालून चढतात. अमरावतीत आयुष्यभर दोराजवळ मी कधी बूट पाहिलाच नव्हता, म्हणून ते मला सुचलंच नाही. बुटांच्या गावात राहून सुचलं नाही.

दुसरी उडी. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जमलं नाही तर तळं.

सुगत कठड्यावर वाकला. “आई, बूट काढ म्हणून ओरडतो मी.”

मी त्याचा दंड धरला. “नाही. तसा नियम आहे.”

“अगं पण तिला कळणार कसं?”

“थांब जरा.”

सांगणं सोपं होतं. पण ती घंटा मग माझी झाली असती.

कीर्ती दोराशी उभी होती. धापा टाकत होती. शेजारच्या दोरावरचा मुलगा हरून तळ्याकडे पळाला. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेली ही.

तिने दोराला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. चिखलाचा मोठा टिळा उमटला. मग सवयीने तिने खाली पाहिलं. कुठे आहे पोतं? तळवे कुठे आहेत?

ती मट्‌कन खाली बसली आणि बुटाच्या नाड्या ओढू लागली.

“काय करतेयस?” एमिल जर्मनमध्ये ओरडला. एवढं मलाही समजलं. नाड्यांच्या गाठी चिखलाने दगड झाल्या होत्या. फ्रीडा परत धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने गाठ सोडवण्याच्या भानगडीत न पडता बूटच टाचेकडून खेचून काढला. मग दुसरा. मोजे त्याच्याबरोबरच आले.

पंच म्हणून एक टक्कल असलेले गृहस्थ उभे होते. ते पुढे आले, पायांकडे पाहिलं, मग सोबतच्या बाईंशी काही बोलले. सुगतने कान देऊन ऐकलं. “म्हणतायत, चढू दे. पण बूट रेषेपर्यंत गेले पाहिजेत. सुरुवातीला जे अंगावर होतं ते सगळं न्यायचं.”

फ्रीडाने एक बूट शर्टात कोंबला. एमिलने क्षणभर कपाळावर आठ्या घातल्या आणि दुसरा बूट स्वतःच्या शर्टात कोंबला.

कीर्तीने तळवे गवतावर घासले. एकदा, पुन्हा एकदा. घाई केली नाही. मग दोर धरला, अढी घातली आणि उभी राहिली.

पाय धरतात, शरीर उभं राहतं, हात वर सरकतात. झाडाखाली जसं, तसंच. अर्ध्यावर, गेल्या वर्षी जिथे लटकली होती तिथे, ती थांबली. पायांवर उभी राहून तिने एक हात सोडला, चिखल चड्डीला पुसला आणि पुन्हा दोर धरला. यादवराव उठून उभे राहिले होते, थर्मास हातात तसाच.

घंटा एकदा वाजवायची असते. तिने तीनदा वाजवली.

ती हाताखाली हात घेत उतरली आणि चौघं रेषेकडे सुटली. दोन संघ अजून आपल्या गड्याची वाट बघत रेषेशी उभे होते, त्यांचे गडी तळ्याकाठी पळत होते. कीर्ती अनवाणी, एमिल आणि फ्रीडा पोटाशी बूट धरून गर्भार बायकांसारखी. त्या दोन्ही संघांना मागे टाकून ते पाचवे आले. पदक पहिल्या तिघांना होतं. यांच्या ते लक्षातही नव्हतं. एमिल कीर्तीचा बूट डोक्यावर धरून नाचत होता.

ती माझ्याकडे आली ती चिखलासकट. मी नव्या साडीची पर्वा केली नाही.

“आजी,” ती मराठीत म्हणाली, “तू मला बूट काढायला का नाही सांगितलंस?”

“नियम होता. आणि तुला आठवणार होतं.”

“नसतं आठवलं तर?”

“तर तळ्यावर तुझ्याबरोबर मी पळाले असते.”

“तू हरली असतीस,” ती म्हणाली आणि मला सोडून फ्रीडाकडे पळाली.

सोमवारी दुपारी बेल वाजली. दारात एमिल, त्याचा भाऊ आणि फ्रीडा. मी काही विचारायच्या आत कीर्ती त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली. खिडकीतून पाहिलं तर कुंपणाशी बुटांचे चार जोड ओळीने लावलेले, आणि एमिल पोत्यावर तळवे पुसत होता. कीर्ती त्याच्यासमोर हात पाठीमागे बांधून उभी होती, अगदी माझ्यासारखी. त्याने घाईने दोर धरला. तिने मान हलवली आणि कपाळाकडे बोट दाखवलं.

“वारुम?” एमिल म्हणाला.

ती त्याला समजावून सांगू लागली. बराच वेळ, शांतपणे. मी खिडकीतून मागे झाले आणि यादवरावांसाठी चहा ठेवला.