माझ्यावर आणलेली सवत

"ऐकलंत का, टेलरबाई त्या हायरेजियेवर सवत आणतायत. आणि जुनीला उपटून…"

एवढ्यात पलीकडच्या काकूंचं दूध उतू गेलं. त्या आत पळाल्या आणि वाक्य कुंपणावर तसंच लोंबकळत राहिलं.

ती हायरेजिया म्हणजे मीच. खरं नाव हायड्रेंजिया, पण काकूंच्या जिभेला ते पेलत नाही. मी सावलीतलं झुडूप. पानं तळहाताएवढी, फुलांचे गेंद निळे. सात वर्षांपूर्वी टेलरबाईंनी एका गिऱ्हाइकाच्या बागेतून वीतभर फांदी मागून आणली, कान तुटलेल्या कपात रुजवली आणि मग मला कुंपणाशी लावलं. तेव्हापासून मी इथलीच. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या ब्लाउजची बाही चुकली, सगळं मला ठाऊक.

काकूंच्या अंगणातल्या मोठ्या झाडाची सावली होती तोवर माझं उत्तम चाललं होतं. गेल्या वर्षी काकूंनी ते तोडलं. पाचोळा फार पडायचा म्हणे. मग दुपारचं ऊन थेट माझ्या डोक्यावर. रोज मान टाकायची आणि संध्याकाळी पाणी पिऊन उचलायची. कळ्या तर उमलायच्या आधीच करपू लागल्या.

"नाद सोड तिचा," टेलरबाईंचे यजमान म्हणाले. "बोगनवेल लाव तिथे, उन्हात मजेत राहील."

"अहो, कापड आखूड पडलं म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवते का मी? जोड देते."

यानंतर काय बोलणं झालं ते मशीनच्या खडखडाटात मला ऐकू आलं नाही. काकूंना आलं, आणि त्यांनी ते गावभर केलं. सवत. मी मनाशी म्हटलं, भरले आपले शंभर.

पण टेलरबाईंचं काम बघत राहावं असं. कापडावर रेघा मारायच्या खडूने त्यांनी घराभोवती सावलीची कड आखली. सकाळी एक रेघ, दुपारी एक, चार वाजता एक. मशीनच्या खोलीच्या खिडकीखाली सकाळचं कोवळं ऊन तेवढं येतं आणि पुढे दिवसभर सावली, हे त्या रेघांनी सांगितलं. मग तिथे काड्या रोवून त्यांनी चिंध्या टाचल्या. लाल, जांभळी, पोपटी, पांढरी. आठ दिवस रोज संध्याकाळी मशीनवरून उठलं की सावलीत कुठला रंग दिसतो ते चष्मा पुसून बघायच्या. लाल आणि जांभळी अंधारात गुडूप व्हायच्या. पांढरी मात्र उजळायची.

रोपवाटिकेवाला म्हणाला, "गुलाब घ्या बाई, शोभेल शेजारी."

"एकीला ऊन हवं, दुसरीला सावली. एका घरात राहून एक कायम उपाशी. नको."

त्यांनी आणला एक नेचा, माझ्याइतकीच तहान असलेला, आणि पांढऱ्या पानांचं कॅलेडियम.

एका ढगाळ सकाळी यजमान फावडं घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. म्हणजे उपटणं खरंच होतं. माझी पानं तेवढ्यानेच लुळी पडली.

"अहो, हात राखून. मुळांवरचा मातीचा गोळा फुटता कामा नये."

भोवतालच्या मातीसकट मला अलगद उचललं. टेलरबाईंनी मुळांभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि दाभणाने शिवलं. टाके असे की मातीचा कणही सांडला नाही. एवढं मापात तर कुणा नवरीलाही शिवलं नसेल. खिडकीखाली नेऊन टाके उसवले आणि मला नव्या खड्ड्यात बसवलं. एका अंगाला नेचा, दुसऱ्या अंगाला कॅलेडियम.

तेवढ्यात काकू आल्या. हातात एक वेल, पानांना खालून जांभळं अस्तर.

"ही घ्या वहिनी. झाड तोडलं ते मनाला लागून राहिलंय. पण तुम्ही तिला सवत आणता म्हणालात, ते काही बरं नाही."

"सोबत म्हणाले हो मी. सोबत."

"मग मशीन थांबवून बोलत जा की."

काकूंची वेल माझ्या पायाशी लागली. महिनाभरात तिने बुंध्यापर्यंत हातपाय पसरले आणि माझ्या वाटचं पाणीही ती पिऊ लागली. टेलरबाई दर आठवड्याला कात्रीने तिची कड सरळ करतात.

तर ऐकलेलं सगळंच खोटं नव्हतं. मला उपटलं. सवतही आली, पण ती काकूंनीच आणली.

यंदा मला तीन गेंद आलेत. सावलीतलं झुडूप लावणार असाल तर आधी खडू घेऊन सावली आखा, आणि शेजारीण निवडताना तिची तहान विचारा. सवतीचं म्हणाल, तर मी भांडत नाही. माझ्या मुळांवरची माती तिच्या पानांखाली दुपारीही ओली असते.