टाकळ्याची मेथी

धर्मराजनं पाटी ठोकायला हातोडा उचलला, तशी गोजरानं हातातलं खुरपं मातीत रोवलं आणि उभी राहिली. साठी उलटलेली बाई. पदर कंबरेला खोचलेला, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"कनाची रं ही पाटी?"

"नावाची हाय, काकी. वाच ना."

"माना वाचता आला असता तं तुना इचारला असता?"

धर्मराज तिच्या चुलत दिराचा मुलगा. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, पायात नवे बूट, आणि ते बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून तो वाफ्याच्या बांधावर बगळ्यासारखा एका पायावर तोल सांभाळत उभा होता. त्यानं पाटी वाचून दाखवली. "श्री. धर्मराज. अध्यक्ष, तळवली भाजी उत्पादक मंडळ. पीक, लाल माठ."

"माठ कोनी पेरला?"

"तू पेरलास गो. पन मंडळाचा सभासद मी हाय ना. एक दिवसाचा काम हाय, टेन्शन नको घेऊ."

गोजरानं शेजारच्या वाफ्याकडं पाहिलं. तिथं दुर्गाबाईच्या भेंडीत धर्मराजच्या मंडळातल्या रावसाहेबाचं नाव ठोकलेलं. त्याच्या पलीकडं जयमालाच्या काकडीच्या वेलापाशी अंकुशचं. या दोघांनी आयुष्यात खुरपं धरलं असेल तर ते घराच्या गच्चीवरचं शेवाळ खरवडायला.

तळवलीच्या मागची ही पट्टी म्हणजे नशिबानं उरलेली जमीन. वरून विजेच्या जाड तारा जातात, पावसात मधमाशांच्या पोळ्यासारख्या गुणगुणतात. तारांखाली इमारत बांधता येत नाही, म्हणून शहरानं सगळी शेतं गिळली तरी एवढा घास त्याच्या घशाखाली गेला नाही. माती खाडीकडची, चिकट. पाऊस पडला की पाय धरून ठेवते, चार दिवस उघडीप मिळाली की दगड होते. त्या मातीत पंधरा बाया भाजी काढायच्या. निम्म्या गावातल्या आगरी, निम्म्या बाहेरून आलेल्या. दुर्गाबाई नांदेडकडची. तिचा नवरा सीताराम रबाळ्याच्या एका कारखान्यात, आणि राहायला धर्मराजच्या चाळीतली खोली.

भाजी निघायची झकास, पण विकायची रस्त्याच्या कडेला. आषाढात बस गेली की डबक्यातलं पाणी उडून पाटीतला माठ गटाराच्या रंगाचा व्हायचा. मग तो माठ ना गिऱ्हाईक घ्यायचं ना घरी कोणी खायचं.

आता महापालिकेची नवी मंडई होत होती. वर पत्रा, खाली फरशी, वीस ओटे. ते पिकवणाऱ्यांच्या मंडळाला मिळणार होते, पण एका अटीवर. मंडळात राबणाऱ्यांना जागा हवी. बायांना, परगावच्यांना, भाडेकऱ्यांना. ते तपासायला उद्या मुंबईहून एका संस्थेची बाई येणार होती.

"म्हंजे संस्थांना सुधारनारी संस्था," धर्मराजनं समजावलं. "तिना इचारला तं सांगायचा, सगला बरा हाय, सगले समान हायेत. तुमी बाया नवीन लुगरी नेसून बांधावर उभ्या राव्हा, हसा. ओटे गावले की तुमानाच बसवतो ना मी."

"तू बसवशील."

"मंग कोन बसवनार?"

दुर्गाबाई इतका वेळ मान खाली घालून भेंडी तोडत होती. ती म्हणाली, "दादा, पाटीवर आमचंबी नाव लिहिलं असतं तर?"

धर्मराज हसला. "दुर्गाबाय, पाटी लहान हाय. आनि खोलीचा करार दिवालीला संपतो ना तुमचा?"

दुर्गाबाई परत भेंडीकडं वळली. धर्मराज बांधावरून टुण्‌टुण् उड्या मारत गेला.

गोजरा त्या पाटीपाशी गेली. राग आला की ती बडबडायची. आज मात्र ती एकेका अक्षरावरून बोट फिरवत होती. पलीकडून बघणाऱ्या जयमालाला तेव्हाच कळलं की हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

"दुर्गा," गोजरा म्हणाली, "या रावसाहेबाना भेंडीचा झार आनि एरंडाचा झार कलतो काय गो?"

"कशाचं कळतंय. परवा आळूला कमळ म्हनू लालते."

"मंग पाटी कुठं उभी हाय, ह्या त्याना काय कलनार?"

विजेच्या तारांच्या दुसऱ्या टॉवरखाली, नाल्याच्या उतारावर टाकळा माजला होता. पेरावा लागत नाही, खत लागत नाही. पाऊस पडला की उकिरड्यावर, रुळांच्या कडेला, जिथं कोणी बोलावलं नाही तिथं तो येतो. कोवळा असताना लांबून बघितला तर थेट मेथीसारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराज अंथरुणात असताना पंधरा जणी तिथं उतरल्या. टाकळ्याच्या मधलं गवत काढलं, कडेनं माती ओढून सरळ बांध घातले, सुतळी ताणून ओळी पाडल्या. दुर्गाबाई हसून हसून खाली बसली.

"आक्का, मी जल्मात लई निंदलं, पर तनाची निंदनी आज पयल्यांदा करायले."

मग तिघांच्या पाट्या उपटून आणून या टाकळ्याच्या वाफ्यांत रोवल्या. पाटीवरचं पिकाचं नाव गोजरानं चिखलाचा हात फिरवून बुजवलं. नावं मात्र पदरानं लख्ख केली.

दहाच्या सुमाराला पाहुणी आली. संघप्रिया तिचं नाव. तिशीतली, साधा पंजाबी ड्रेस, पायात पावसाळी चप्पल. आल्या आल्या तिनं चप्पल काढून हातात घेतली आणि सरळ चिखलात उतरली. धर्मराजची पंचाईत झाली. बाई अनवाणी म्हटल्यावर त्यालाही बूट काढावे लागले. मागून रावसाहेब आणि अंकुश. सगळे कडक इस्त्रीत, एकमेकांना धरून, घसरत.

"आम्ही संस्थांना मदत करतो," संघप्रिया चालता चालता म्हणाली. "काम ज्यांचं असतं त्यांचं नाव कागदावर यावं, निर्णयात त्यांचा आवाज यावा, एवढंच. बघू या, तुमचं शेत कुठंय?"

धर्मराजनं पाट्या शोधल्या. कालच्या जागी नव्हत्या. त्याच्या कपाळावर क्षणभर आठी आली. पण पलीकडं सुतळीनं आखलेल्या, हिरव्यागार वाफ्यांत आपलं नाव चमकताना दिसलं, आणि आठी गेली. बायांनीच बरी जागा बघून लावली असणार, असं त्याला वाटलं. माणसाला स्वतःचं नाव दिसलं की बाकीचं कमी दिसतं.

"ही आमची मेथी," तो म्हणाला.

गोजरानं तोंडात पदर कोंबला. पावसाळ्यात या मातीत मेथी म्हणजे वाळूत मासोळी. चार दिवसांत कुजून जाते.

संघप्रियानं वाकून पान बघितलं. "वा. बी कुठून आणता?"

"वाशीवरना. एपीएमसी मार्केटमधना, खास."

"आणि खत?"

"शेनखत," रावसाहेब पुढं सरसावला. "फुल ऑरगॅनिक, मॅडम."

"किती दिवसांत तयार होते?"

"पंधरा दिवस," धर्मराज म्हणाला. अंकुश त्याच वेळी म्हणाला, "तीन महिने." दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "जातीजातीवर हाय," धर्मराजनं सारवलं. "माझी लवकरची हाय."

संघप्रिया सगळं लिहून घेत होती. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिनं एक पान तोडून बोटांत चुरडलं आणि वास घेतला. टाकळ्याचा वास उग्र, एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. तिनं बांधावरच्या बायांकडं बघितलं. नवीन लुगडी कोणीच नेसली नव्हती.

"ताई," तिनं नेमकं दुर्गाबाईलाच विचारलं, "ही मेथी तुम्ही लावली का?"

धर्मराजनं दुर्गाबाईकडं बघितलं. त्या बघण्यात खोली होती, दिवाळी होती, पोरांची शाळा होती. गोजराला ते बघणं ओळखीचं होतं. खोडी आपली, आणि बोललं की घर जाणार हिचं. आपणच पुढं होऊन बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

पण दुर्गाबाई आधी बोलली. "न्हाई बाई. हे कुनीच लावलं न्हाई. हा तरोटा हाय."

"आमच्या आजीकडं पण टाकळ्याला तरोटाच म्हणतात," संघप्रिया म्हणाली. "पाऊस लागला की पहिली भाजी ह्याचीच व्हायची." मग धर्मराजकडं वळून तिनं शांतपणे विचारलं, "वाशीला ह्याचं बी कोणाकडं मिळतं, तेवढं सांगाल? लिहून ठेवते."

बायांच्या रांगेतून आधी एक फुसकन हसू सुटलं, मग सगळा बांध हलायला लागला. रावसाहेब पाय मागं घ्यायला गेला आणि टाकळ्यातच बसला, स्वतःच्या पाटीच्या शेजारी. धर्मराज चिखलातून बूट शोधायला लागला.

गोजरानं मग खुरपं हातात घेऊन पाहुणीला सगळी पट्टी दाखवली. हा माठ माझा, ही भेंडी दुर्गाची, हा वेल जयमालाचा. कोणत्या वाफ्यात पाणी तुंबतं, कोणत्या कोपऱ्यात गोगलगाय येते. शेवटी म्हणाली, "आनि हिची खोली त्याची हाय. तो काय करल तं तुमी बगा."

"ते आमच्या अहवालात पहिल्या पानावर येईल," संघप्रिया धर्मराजला ऐकू जाईल अशी म्हणाली. "ओटे हवे असतील तर कोणाच्याही घराला हात लावून चालणार नाही." मग बायांना म्हणाली, "आता तुम्ही पाच जणींची समिती निवडा. मी टपरीवर चहा घेऊन येते."

ती गेली आणि गोजरानं ताबडतोब बोटं मोजली. "मी, जयमाला, वच्छी, बारकूबाय, आनि जयमालाची जाव. झाल्या पाच."

सगळ्या आगरी बाया माना डोलवायला लागल्या. बाकीच्या मातीकडं बघत बसल्या. दुर्गाबाईनं विळा खाली ठेवला.

"आक्का, त्येनं पाटी ठोकली तवा तुमाला राग आला."

"मंग? येनारच ना."

"तुमी आता तेच ठोकायलाव."

गोजराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिला उत्तर द्यायचं होतं. ही जमीन आमच्या बापजाद्यांची, तुम्ही काल आलात, असं काहीतरी जिभेवर आलंही. पण काल आलेली बाई आत्ताच घर पणाला लावून बोलली होती, आणि आपण पदर तोंडात धरून उभ्या होतो. ते तिला गिळता येईना.

"बरा," ती म्हणाली. "माझी जागा तू घे."

"दिलेली नको. समद्यांनी ठरवून मिळाली तर घेईन."

मग दुर्गाबाईच्याच वाफ्यातल्या भेंड्या आणल्या. ज्यांना समितीत यायचं त्यांनी आपापली भाजीची पाटी उपडी घातली, आणि प्रत्येकीनं वाटेल त्या पाच पाट्यांखाली एकेक भेंडी सरकवायची, असं ठरलं. जिच्या पाटीखाली सर्वांत जास्त, ती अध्यक्ष. गोजरानं पहिली भेंडी स्वतःच्याच पाटीखाली ठेवली, खोटं कशाला बोला. दुसरी दुर्गाबाईच्या. संघप्रिया चहा पिऊन आली तेव्हा दुर्गाबाईच्या पाटीखाली चौदा भेंड्या निघाल्या, गोजराच्या अकरा. दोघी समितीत आल्या, दुर्गाबाई अध्यक्ष झाली. पंधरावी भेंडी कोणी दिली नाही, यावरून जयमाला आणि तिच्या जावेचं पुढं दोन महिने भांडण चाललं.

संघप्रिया आणखी चार वेळा आली. नियम तिनं लिहिले, पण बोलल्या बाया. त्यातला सगळ्यात लाडका नियम असा, की तीन दिवस सकाळी निंदणीला येऊन वहीत सही किंवा अंगठा करील तो सभासद. बाई असो, बाप्या असो, कुठल्याही गावचा असो.

धर्मराजला ओटा हवाच होता. एका सकाळी तो आला, अर्धा तास वाकला, कंबर धरून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोला पाठवलं. अरुणा तिचं नाव. लग्नाआधी भातशेतीत वाढलेली, पण घराची इमारत झाल्यापासून धर्मराजनं तिला मातीत पाय टाकू दिला नव्हता.

"ह्यांच्या बदली आलंय," ती जरा लाजत म्हणाली.

"बस," दुर्गाबाईनं खुरपं दिलं.

अरुणानं तासाभरात दोन वाफे स्वच्छ केले. दुसऱ्या सकाळी न बोलवता आली, तिसऱ्या सकाळी सगळ्यांच्या आधी. वही समोर आली तेव्हा तिनं गोजराला विचारलं, "काकी, नाव कोनाचा लिवू?"

"हात कोनाचे मलले?" गोजरा म्हणाली.

अरुणानं हात बघितले आणि स्वतःचं नाव लिहिलं.

मंडई उघडली त्या दिवशी गोजराच्या शेजारचा ओटा अरुणाचा होता. माठाच्या जुड्या, कोवळ्या काकड्या, पाणी शिंपडून मांडलेल्या. धर्मराज इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि ओट्याच्या पुढ्यात मधोमध उभा राहिला. ओळखीचा माणूस दिसला की सांगायचा, आपला ओटा.

अरुणानं थोडा वेळ वाट बघितली. मग जुडीला दोरा बांधता बांधता म्हणाली, "आवो, जरा बाजूला उभे राव्हा. भाजी दिसत नाय."

धर्मराज बाजूला झाला.